उसने दात आणि उरलेले दात



आजचा विषय बाहेरच्या फलकावर वाचून पुष्कळांना हसू आले, असे आमच्या कानावर आले आहे. त्यात गैर काहीच नाही. हसतील त्यांचे दात दिसतील, अशी आपल्याकडे म्हणच आहे. आणि दात दिसले की आमच्या धंद्याचे निम्मे काम झाले! न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवरून इतिहास, अर्थकारण, समाजसुधारणा, संतवाङ्मय अशा मोठ्या विषयांवर मोठी माणसे बोलत आली. त्या रांगेत उभे राहून कवळी कशी धुवावी हे सांगायचे म्हणजे थोडे धाडसच आहे. पण दाताचे दुखणे सुरू झाले की मोठ्यांतला मोठा विषयही त्या रात्रीपुरता लहान होतो, हा अनुभव या सभागृहात निम्म्याहून अधिक लोकांना असेल. तेवढ्या बळावर आम्ही बोलायला उभे आहोत.

प्रथम विषयाची मर्यादा सांगतो. ज्यांचे सगळेच दात गेले आहेत त्यांची पूर्ण कवळी असते. तिच्याविषयी आज आम्ही मुख्यतः बोलणार नाही. ज्यांचे काही दात गेले आहेत आणि काही शिल्लक आहेत, त्यांच्यासाठी हाताने काढता-घालता येणारी जी कवळी करतात ती आजचा विषय. सोयीसाठी तिला आपण अर्धी कवळी म्हणू. हिरडीच्या रंगाची एक पाटी, तिच्यावर गेलेल्या दातांच्या जागी बसवलेले दात, आणि दोन्ही बाजूंना तारेचे किंवा धातूचे आकडे, असे तिचे साधारण रूप. हे आकडे शेजारच्या खऱ्या दातांना कमरेत हात घालावा तसे धरून राहतात. पाटी ॲक्रिलिकची असते किंवा तिच्या आत धातूचा सांगाडा असतो. अलीकडे तारेवाचून, लवचीक पदार्थाच्या कवळ्याही करतात. प्रकार कोणताही असो, तिचे इमान एकाच गोष्टीवर आहे, आणि ते म्हणजे तोंडात उरलेल्या दातांवर.

आज आम्हांला जे सांगायचे आहे ते मुळात एवढेच आहे. अर्धी कवळी स्वच्छ ठेवायची ती कवळीसाठी नव्हे, तिच्या शेजाऱ्यांसाठी. कवळीचा दात किडत नाही. त्याला ठणका लागत नाही, त्याची मुळे सुजत नाहीत. तो निर्धास्त आहे. ज्या खऱ्या दाताच्या आधाराने तो उभा आहे त्याला मात्र हे सगळे होते. भाडेकरूने घरात केर साठवावा आणि वाळवी मालकाच्या तुळईला लागावी, तसा हा व्यवहार आहे.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण इतिहासात आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा असा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती अशी दंतकथा आहे आणि ती खरोखरीच दंतकथा आहे. जॉन ग्रीनवुड नावाच्या दंतवैद्याने त्यांना जी कवळी करून दिली तिचा पाया पाणघोड्याच्या दाताचा, म्हणजे हस्तिदंतासारख्या पदार्थाचा होता. खालच्या कवळीत ग्रीनवुडने एक भोक ठेवले होते. त्या भोकातून अध्यक्षांचा तो एकुलता एक दात वर येई आणि सबंध कवळी त्याला धरून बसे. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडचा सगळा डोलारा एका दातावर! शेवटी १७९६ साली तो दातही काढावा लागला. ग्रीनवुडने तो मोठ्या मायेने आपल्या घड्याळाच्या साखळीला लावून जपून ठेवला.

वॉशिंग्टन आपल्या कवळ्या दुरुस्तीसाठी ग्रीनवुडकडे पाठवीत. १७९८ सालच्या डिसेंबरात ग्रीनवुडने त्यांना एक पत्र लिहिले. आपण पाठवलेली कवळी फारच काळी पडली आहे, पोर्ट नावाची मदिरा पिण्याने तरी किंवा तीत कवळी भिजवून ठेवल्याने तरी हे झाले असावे, त्या मदिरेच्या आंबटपणाने झिलई निघून जाते, असे त्याने कळवले. जेवणानंतर ती काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी आणि दुसरी घालावी, नाहीतर बारीक खरवडलेल्या खडूने ब्रश लावून घासावी, असा सल्लाही दिला. राष्ट्राच्या अध्यक्षपदावरून उतरलेल्या माणसाला कवळी कशी धुवावी हे पत्राने सांगावे लागले, तर तेच आपल्याला इथे सांगताना आम्हांला संकोच वाटण्याचे कारण नाही. खडूचा भाग आज आम्ही गाळतो. बाकीचा सल्ला सव्वादोनशे वर्षांनंतरही शिळा झालेला नाही.

आता कवळीवर बसते तरी काय, ते पाहू. जेवणाचे कण तर असतातच. तीळ, राजगिरा, वांग्याच्या बिया, शेंगदाण्याचा कूट, सुपारीची भुकटी हे सगळे पाटीखाली हमखास जागा शोधते. पण कण चूळ भरली की बरेचसे निघून जातात. खरा शत्रू चिकट असतो. जिभेने कवळीवरून हात फिरवावा तसे केले की जो बुळबुळीत थर लागतो तो अन्नाचा नसतो, तो जिवंत असतो. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा लेव्हेन्हुक हा कापडाचा व्यापारी. शास्त्राचे रीतसर शिक्षण त्याला नव्हते. त्याने स्वतः घासलेल्या भिंगाखाली आपल्या दातांमधले पांढरे किटण ठेवून पाहिले आणि त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव आढळल्याचे १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. तो रोज मिठाने दात घासत असे, तरीही ते जीव होते. तोच थर आपल्या तोंडात कवळीवरही धरतो. ॲक्रिलिक दिसायला काचेसारखे गुळगुळीत असले तरी त्याला अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत हे जंतू आणि कॅन्डिडा नावाची एक बुरशी ठाण मांडून बसतात.

या थराचे उपद्रव दोन. पहिला खऱ्या दातांना. गोड आणि पिठूळ अन्नावर हे जंतू आम्ल तयार करतात. आकडा जिथे दाताला टेकतो तिथे, आणि कवळीकडे तोंड केलेल्या दाताच्या भिंतीवर, जीभ पोचत नाही आणि लाळही नीट फिरत नाही. आम्ल तिथे स्वस्थपणे आपले काम करते आणि दात हिरडीलगत, म्हणजे मानेपाशी, किडतो. दुसरा उपद्रव हिरडीला आणि टाळूला. पाटीखालची त्वचा लालभडक होते. गंमत अशी की बहुतेकांना ती दुखत नाही, म्हणून कळतही नाही. आम्ही कवळी काढून आरसा पुढे धरतो तेव्हा टाळूवर पाटीच्या आकाराचा लाल नकाशा उमटलेला रोग्याला प्रथमच दिसतो.

अशा एका बाईंची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. वरच्या बाजूचे चार दात गेले म्हणून त्यांनी कवळी करून घेतली. ती इतकी छान बसली की त्यांनी ती काढलीच नाही. एक-दोन दिवस नव्हे, नऊ वर्षे! रात्री काढली तर घरातल्यांना बोळके तोंड दिसेल, ही त्यांची भीती. सुनेसमोर तर नाहीच नाही. सकाळी कवळीसकट दात घासायचे, चूळ भरायची, संपले. नवव्या वर्षी कवळी हलू लागली म्हणून त्या आल्या. हलत होती ती कवळी नव्हती. ज्या दोन दातांना आकडे होते ते मानेपाशी पोखरून निघाले होते. ते दोन्ही काढावे लागले आणि नवी कवळी सहा दातांची झाली. जाताना त्या म्हणाल्या, “डॉक्टर, चार दातांच्या लाजेपायी सहा दात गेले हो.” याहून नेमके आम्हांलाही सांगता येणार नाही. अस्वच्छ कवळी वाढत जाते. चाराची सहाची होते, सहाची नवाची होते, आणि एके दिवशी धरायला दातच उरत नाही. तेव्हा दंतवैद्य म्हणतो, आता पूर्ण कवळी करू. हा प्रवास टाळता येतो आणि तो टाळण्याचा खर्च दिवसाकाठी पाच-सात मिनिटे आहे.

ती पाच-सात मिनिटे कशी घालवायची ते आता क्रमाने सांगतो.

प्रत्येक जेवणानंतर कवळी काढावी, वाहत्या पाण्याखाली धुवावी, तोंडाने खळखळून चूळ भरावी आणि ती पुन्हा घालावी. बाहेर असलो तर तांब्याभर पाणी पुरते. काढताना एकच तार नखाने ओढू नये, दोन्ही बाजूंनी सारखा जोर द्यावा. घालताना बोटांनी दाबून बसवावी. तोंडात ठेवून दात आवळून बसवण्याची सवय पुष्कळांना असते, तिने आकडे वाकतात आणि कधी पाटी मोडते.

रात्री झोपण्यापूर्वी एकदा नीट घासावी. घासण्याआधी मोरीच्या फरशीचा विचार करावा. ओली कवळी साबण लागल्यावर माशासारखी सुळकन निसटते. म्हणून खाली पाण्याने अर्धे भरलेले घमेले किंवा चार घड्या घातलेला पंचा ठेवावा. हाताशी मऊ ब्रश असावा आणि तो दातांच्या ब्रशाहून वेगळा असावा. कवळीला टूथपेस्ट लावू नये. पेस्टमध्ये दात घासण्यासाठी जी पूड असते ती खऱ्या दाताच्या कठीण कवचाला चालते, पण ॲक्रिलिक त्याहून पुष्कळ मऊ आहे. त्यावर ओरखडे पडतात आणि प्रत्येक ओरखडा हा जंतूंना नवा खंदक असतो. साधा सौम्य साबण किंवा भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे दोन थेंब पुरे होतात. बाहेरची बाजू, आतली हिरडीला लागणारी बाजू, दातांच्या फटी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आकड्यांची आतली बाजू घासावी. लोक दर्शनी भाग चकचकीत करतात आणि आकड्याची आतली बाजू विसरतात. दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे, असा प्रकार इथे उपयोगी नाही. खरा मळ तिथेच असतो, कारण तीच बाजू खऱ्या दाताला टेकते. मग भरपूर पाण्याने साबण धुऊन टाकावा.

आता उरलेल्या दातांकडे वळावे. कवळी काढलेली असतानाच ते घासावेत, कारण तेव्हाच त्यांची रिकाम्या बाजूची भिंत मोकळी असते. इथे फ्लोराइड असलेली पेस्ट जरूर वापरावी. कवळीला जे वर्ज्य तेच दाताला पथ्य आहे. आकडे ज्या दातांना धरतात ते आरशात एकदा ओळखून ठेवावेत आणि त्यांच्यासाठी अर्धे मिनिट जास्त द्यावे. शेवटी मऊ ब्रशाने किंवा स्वच्छ ओल्या फडक्याने हिरडी, टाळू आणि जीभ हलकेच पुसावी. दिवसभर पाटीखाली दबलेल्या हिरडीला तेवढ्याने तरतरी येते.

आता रात्रीची गोष्ट. रात्री कवळी तोंडात ठेवू नये. झोपेत लाळ कमी होते, जंतूंना रान मोकळे मिळते, आणि हिरडीलाही चोवीस तासांत काही तास विसावा हवा. ही केवळ आमची शिकवण नव्हे. जपानमध्ये ८५ वर्षांच्या आणि त्यापुढील ५२४ वृद्धांची तीन वर्षे पाहणी केली गेली आणि तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. जे कवळी घालूनच झोपत त्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका, न घालता झोपणाऱ्यांच्या मानाने, दुपटीहून थोडा अधिक आढळला. त्याच लोकांत टाळूची सूज आणि जिभेवरचा व कवळीवरचा थरही जास्त होता. तोंडातले जंतू झोपेत श्वासाबरोबर खाली उतरतात हे लक्षात घेतले म्हणजे याचे नवल वाटत नाही. नुकतेच दात काढून लगेच कवळी बसवली असेल, किंवा दुसरे काही कारण असेल, तर दंतवैद्य ती रात्रीही ठेवायला सांगतो. तेव्हा त्याचे ऐकावे. एरवी कवळीला रात्रीची सुट्टी द्यावी.

काढलेली कवळी कोरडी ठेवू नये. ॲक्रिलिक पाणी धरून असते, ते वाळले की आकारात फरक पडतो आणि सकाळी कवळी परक्यासारखी वागते. झाकणाच्या डबीत साध्या पाण्यात ती बुडवून ठेवावी, पाणी रोज बदलावे आणि डबीही घासावी. कवळी लख्ख आणि डबी शेवाळलेली असे दृश्य आम्ही अनेकदा पाहतो. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या बाजारात मिळतात. त्या वापरायला हरकत नाही, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गोळी ब्रशाचे काम करत नाही, ब्रशानंतरची ती जोड आहे. वेष्टनावर लिहिले असेल तेवढाच वेळ कवळी त्यात ठेवावी. आणि घालण्यापूर्वी ती स्वच्छ पाण्याने धुवावी, कारण ते पाणी तोंडात जाण्यासाठी नसते. गोळी तोंडात टाकणे तर अगदीच घातक. घरात लहान मुले असतील तर गोळ्या उंच फळीवर असाव्यात.

आता काही गोष्टी आपल्या घरांत सर्रास चालतात, त्यांना हात जोडून नकार द्यायचा आहे. राखुंडी, मिश्री, मीठ किंवा दंतमंजन यांनी कवळी घासू नये. मिश्री तर तंबाखूच आहे. ती कवळीला लावू नये आणि खऱ्या दातांना त्याहूनही लावू नये. कवळी उकळू नये, चहाच्या आधणाइतक्या गरम पाण्यातही टाकू नये. जंतू मरतील न मरतील, पाटी मात्र वाकेल, आणि वाकलेली पाटी सरळ होत नाही. कपडे पांढरे करण्याचे द्रावण लावू नये, धातू असलेल्या कवळीला तर मुळीच नाही. त्यातल्या क्लोरीनने धातू काळा पडतो आणि खराब होतो. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्याने कवळीवर चुनखडीसारखा कठीण थर चढला, किंवा पानाचा लाल डाग खोल गेला, तर चाकूने खरवडू नये. दंतवैद्याकडे न्यावी, तो यंत्रावर काढून पुन्हा झिलई देईल. आणि कवळी मोडली किंवा सैल झाली तर पक्कड आणि घरातला गोंद या दोघांनाही दूर ठेवावे. चष्म्याची काडी वाकवावी तशी आकड्याची तार वाकवणारे कारागीर प्रत्येक घरात एक तरी असतात. तार एका बाजूने घट्ट होते, दुसरीकडे दाताला उपटण्याच्या दिशेने ओढू लागते, आणि दोन-चार वाकवण्यांत तुटते.

आणखी एक इशारा द्यायला हवा. आपल्या शहरांत रस्त्याच्या कडेला दात बसवून देणारे आजही दिसतात. ते स्वस्तात आणि एका बैठकीत दात बसवतात, आणि वर सांगतात की हा दात काढावा लागणार नाही. ऐकायला गोड वाटते. पण ती पाटी शेजारच्या दातांना चिकटवून टाकलेली असते. ज्या वस्तूची सगळी भिस्त काढून धुण्यावर, तीच काढता येत नाही. खाली अन्न कुजते, वास येतो, हिरडी सुजते आणि धरणारे दात दोन-तीन एकदम जातात. दंतवैद्यकाचा धंदा कोणी करावा यासाठी आपल्या देशात १९४८ सालापासून कायदा आहे. पण कायद्याहून गरिबी जवळची असते, हे आम्ही जाणतो. म्हणून इतकेच सांगतो की जवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात आधी विचारून पाहावे. रस्त्यावर वाचवलेले पैसे उरलेल्या दातांच्या रूपाने भरावे लागतात.

श्रोतेहो, आता शेवटच्या मुद्द्याकडे येतो आणि तोच आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. कवळीची निगा न राखण्याचे खरे कारण आळस नव्हे. खरे कारण लाज आहे. चष्मा आपण टेबलावर उघडा ठेवतो, काठी दारात उभी करतो, श्रवणयंत्र कानाला लावून लग्नाला जातो. कवळी मात्र अंधारात काढतो, रुमालात गुंडाळतो आणि उशीखाली लपवतो. लपवलेली वस्तू धुवायची कधी आणि कुठे?

एक गृहस्थ लग्नाच्या पंगतीला बसले. जिलबी चावताना कवळीखाली काही टोचू लागले. उठून मोरीवर जायचे तर सगळे पाहतील, म्हणून त्यांनी ती हळूच काढली, कागदात गुंडाळली आणि केळीच्या पानाच्या टोकाखाली सरकवली. वाढपी आला, मठ्ठा आला, विहीणबाईंनी आग्रह केला, आणि त्या गडबडीत कवळी पानाबरोबर उचलली गेली. मग वरपक्षाची आणि वधूपक्षाची दोन्हीकडची मंडळी उष्ट्या पत्रावळींच्या ढिगात काय हरवले ते ठाऊक नसताना शोधत होती, कारण काय हरवले हे सांगायला गृहस्थांना तोंडच नव्हते! हे ऐकून आपण हसलात. तेही आता हसतात, नव्या कवळीने.

पण लपवालपवी नेहमीच अशी हसण्यावारी जात नाही. इंग्लंडमधील एका ७२ वर्षांच्या गृहस्थांची हकीकत २०१९ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पोटावरची एक साधी गाठ काढण्यासाठी त्यांना भूल दिली गेली. त्यांच्या तोंडात तीन दातांची अर्धी कवळी होती आणि ती तशीच राहिली. शस्त्रक्रियेनंतर कवळी सापडेना, तेव्हा रुग्णालयात कुठेतरी हरवली असे त्यांना वाटले. पुढे घसा दुखू लागला, गिळता येईना, थुंकीतून रक्त येऊ लागले. आधी दुसरीच कारणे समजून औषधे दिली गेली. आठव्या दिवशी त्यांच्या घशात, स्वरतंतूंच्या जागी, ती कवळी अडकलेली आढळली. ती काढली, पण नंतरही रक्तस्राव होत राहिला आणि त्यांना पुन्हा पुन्हा रुग्णालयात जावे लागले. अर्धी कवळी लहान असते, म्हणून ती अधिक धोक्याची. शिवाय नुसत्या ॲक्रिलिकची कवळी साध्या क्ष-किरण चित्रात नीट दिसतही नाही. म्हणून भूल देण्यापूर्वी डॉक्टरांनी विचारो न विचारो, आपण होऊन सांगावे की माझ्या तोंडात कवळी आहे. ती काढून, नाव लिहिलेल्या डबीत घालून घरच्या माणसाच्या हाती द्यावी.

यासाठी घरच्या माणसाला ती ठाऊक असावी लागते. आमची विनंती विशेषतः इथे बसलेल्या तरुण मंडळींना आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडात कवळी आहे का, हे एकदा मायेने विचारा. हात कापू लागले, नजर मंद झाली, विसर पडू लागला की ज्याने तीस वर्षे स्वतःची कवळी निगुतीने सांभाळली त्यालाही ती धुता येत नाही, आणि मागायची लाज वाटते. आजोबांचा चष्मा आपण धोतराच्या सोग्याने पुसून देतो, तशी आजींची कवळी धुऊन द्यायला काय हरकत आहे? त्यात विटाळ नाही आणि कमीपणाही नाही. पाच मिनिटांचे काम आहे. त्या पाच मिनिटांवर त्यांची भाकरी अवलंबून आहे. दात दुखतो म्हणून भाकरी सोडून पेजेवर राहणारी कितीतरी वृद्ध माणसे आम्ही पाहतो. त्यांना भूक नाही असे घरचे समजतात. भूक असते. चणेही असतात. दात नसतात, किंवा असून दुखत असतात.

अखेरीस एवढे लक्षात असू द्यावे. सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा, कवळी आणि उरलेले दात दोन्ही दंतवैद्याला दाखवावेत. दात गेलेल्या जागचे हाड हळूहळू झिजते, पाटीखाली पोकळी होते, आणि बसता-उठता डुलणारी कवळी धरणाऱ्या दातांना रोज थोडी थोडी हलवते. कवळी कुठे लागत असेल तर ती घरी ठेवून येऊ नये. येण्यापूर्वी काही तास घालावी, म्हणजे नेमकी कुठे टोचते ते आम्हांला दिसते. आणि तोंडातली कोणतीही जखम पंधरा दिवसांत भरली नाही, तर ती कवळीने झाली असेल अशी समजूत घालून बसू नये, ताबडतोब दाखवावी. पान-तंबाखूच्या या मुलुखात ही सूचना आम्ही कोणत्याही सभेत गाळत नाही.

वॉशिंग्टनच्या त्या एका दाताची आठवण ठेवा. आपल्या तोंडात आज बारा असतील, आठ असतील, तीन असतील. जे असतील त्यांच्यावर कवळी उभी आहे. आज रात्री घरी गेल्यावर दिवा लावून, आरशासमोर उभे राहून कवळी काढा आणि तिने कोणते दात धरले आहेत ते पाहा. अंधारात काढू नका. त्या दातांना ब्रश लावा, कवळीला साबण लावा, आणि तिला पाण्यात निजवा. उद्या सकाळी कोणी विचारलेच की डबीत काय आहे, तर हसून सांगा. हसताना उरलेले दात दिसू द्या.